विसंगती शोधताय? आधी या चुका टाळा

‘भारतीय दर्शनांना विसंगतीचं वावडं नाही’ हे वाक्य ऐकून कान किटले. उलट आपले दार्शनिक म्हणजे वादात व्याघात, म्हणजे आत्मविरोध, दाखवला की समोरचा पक्ष पडला, असं मानणारी मंडळी. वेदान्ताचा पायाभूत ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाचं नावच ‘अविरोध’. त्यातल्या ‘नैकस्मिन्नसंभवात्’ (२.२.३३) या सूत्राच्या भाष्यात शंकराचार्य ‘वस्तू एका अर्थी आहे, एका अर्थी नाही’ म्हणणाऱ्या जैनांना बजावतात की असणं आणि नसणं एकाच वस्तूत एकाच वेळी नांदत नाही.

सगळ्यात जास्त डोकं उठवणारी चूक म्हणजे सुटा मंत्र उचलणं. एका अभ्यासवर्गात एक गृहस्थ ईशोपनिषदाचा चौथा मंत्र घेऊन आले, ‘अनेजदेकं मनसो जवीयः’. आत्मतत्त्व हलत नाही, तरी मनाहून वेगवान! उपनिषदांनी तर्काला रजा दिली, असं त्यांनी ऐटीत जाहीर केलं. भाष्य पाहिलंत का, तर म्हणे, “मूळ असताना भाष्य कशाला?” पुस्तक पुढ्यात सरकवलं. शंकराचार्यांनी तिथे हीच शंका काढलीय, हे परस्परविरुद्ध कसं? लगेच उत्तर, ‘नैष दोषः’. उपाधीविना, म्हणजे वरून चिकटलेली मर्यादा बाजूला ठेवून, पाहिलं तर अचल, मनाच्या उपाधीतून पाहिलं तर वेगवान. गृहस्थ हिरमुसले. “हे फारच सोपं झालं,” म्हणाले. गूढ हवं होतं ना!

दुसरी खोड बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाच्या ‘मूलमध्यमककारिके’च्या वाट्याला येते. तो म्हणतो, वस्तू स्वतःतून उपजत नाही, दुसऱ्यातून नाही, दोन्हींतून नाही, विनाकारणही नाही. नवखे वाचक लगेच विचारतात, मग पाचवं काय? पाचवं काही नाही. त्याचा भाष्यकार चंद्रकीर्ती बजावतो की हा नुसता निषेध आहे. एक पक्ष खोडला म्हणून उलटा पक्ष गळ्यात पडत नाही. वस्तूला स्वभाव, म्हणजे कशावरही न विसंबणारं स्वतःचं रूप, असतो हे गृहीतच गेलं, की चारही पर्याय आपोआप पडतात. मी प्रत्येक ‘न’शेजारी समासात पेन्सिलीने लिहितो, कोणाचं मत खोडलं. कंटाळवाणं काम आहे, पण घाई असेल त्याने हा ग्रंथ उघडूच नये.

बुद्धाचं मौन म्हणजे गोंधळ नव्हे. आत्मा आहे का, नाही का, असं वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाने दोन्हीकडून विचारलं आणि बुद्ध गप्प राहिले. नंतर शिष्य आनंदाला त्यांनी कारण सांगितलं: ‘नाही’ म्हटलं असतं तर आधीच गोंधळलेल्या माणसाला वाटलं असतं, होता तो आत्माही गेला.

आणि अडलं की ‘व्यवहार वेगळा, परमार्थ वेगळा’ (रोजच्या बोलण्यातलं सत्य वेगळं, अंतिम सत्य वेगळं) म्हणून मोकळं होऊ नका. कुठलं वाक्य कुठल्या पातळीवरचं, ते दाखवा. सराव हवा असेल तर ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातले मेण्डकपञ्ह, म्हणजे दुहेरी पेचाचे प्रश्न, घ्या. राजा मिलिंद बुद्धाचीच दोन वचनं एकमेकांवर आदळवतो आणि भिक्षू नागसेनाला दोन्ही सांभाळावी लागतात.