तप्त वायूतील कणांसाठी सिम्युलेशन मॉडेल निवडताना

सिमेंट कारखान्याच्या प्रीहीटरमधील (कच्चा माल तप्त वायूने तापवणाऱ्या भागातील) सायक्लोन, म्हणजे वायूला भोवऱ्यात फिरवून त्यातील कण वेगळे करणारे उपकरण, हा माझ्या एम.टेक. प्रकल्पाचा विषय होता आणि त्यात सर्वांत जास्त विचार करावा लागला तो मॉडेलच्या निवडीचा. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, सॉफ्टवेअर उघडण्याआधी दोन आकडे कागदावर काढावेत आणि तेही वायूच्या प्रत्यक्ष तापमानाला.

पहिला आकडा कणांनी व्यापलेल्या आकारमानाचा. ९०० अंश सेल्सिअसला हवेची घनता घनमीटरला जेमतेम ०.३ किलो असते, तर चुनखडीची सुमारे २७००. हिशेबासाठी एक किलो वायूमागे एक किलो रॉ मील (सिमेंटसाठी दळलेला, मुख्यतः चुनखडीचा कच्चा माल) धरले, तरी कण दहा हजारांत एक भागच जागा व्यापतात. त्यामुळे एकेका कणाचा मार्ग काढणारे लॅग्रांजियन मॉडेल येथे चालते. मात्र कणांचे वस्तुमान वायूइतकेच असल्याने ते वायूचा वेग आणि उष्णता दोन्ही बदलतात, म्हणून परस्परपरिणाम दोन्ही दिशांनी धरावाच लागतो. कणांनी व्यापलेल्या जागेचे प्रमाण हजारात एकाच्या वर गेले की कणांच्या आपसातील टकराही मोजाव्या लागतात; सायक्लोनच्या भिंतीलगत आणि खालच्या शंकूत नेमके तेच घडते. तेथील प्रवाहच तुमच्या प्रश्नाचा गाभा असेल, तर दाट प्रवाहाचे मॉडेल घ्यावे आणि त्याला लागणारा संगणकीय वेळ मार्गदर्शकांशी आधीच बोलून ठेवावा.

दुसरा आकडा कणाच्या प्रतिसादकाळाचा. तापमान वाढले की वायूची व्हिस्कॉसिटी (प्रवाहाला होणारा अंतर्गत विरोध) वाढते. चुनखडीच्या ३० मायक्रॉनच्या कणाला वायूच्या वेगाशी जुळवून घ्यायला थंड हवेत सुमारे ७ मिलिसेकंद लागतात, तर ९०० अंशांना ३. म्हणजेच तो वळणावर वायूबरोबर अधिक सहज वाहून जातो, आणि वायूचा वेग तोच ठेवून थंड हवेत केलेले सिम्युलेशन सायक्लोनची कण पकडण्याची क्षमता फुगवून दाखवते.

टर्ब्युलन्ससाठी (प्रवाहातील अनियमित खळबळीसाठी) नेहमीचे के-एप्सिलॉन मॉडेल अशा तीव्र भोवऱ्यात अपुरे पडते, म्हणून संगणकाचा भार सोसूनही मी रेनॉल्ड्स स्ट्रेस मॉडेल घेईन. अतिसूक्ष्म कण भिंतीवर अवाजवी संख्येने बसताना दिसले, तर रँडम वॉक मॉडेल (टर्ब्युलन्समुळे कणांना बसणारे यादृच्छिक धक्के धरणारे) आणि भिंतीजवळची मेश (गणनेसाठी आखलेली जाळी) आधी तपासावी. पार्सलची (एकत्र मोजलेल्या सारख्या कणांच्या गटांची) संख्या दुप्पट केल्यावर बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान बदलत असेल, तर ती संख्या अजून अपुरी आहे.