गोधडीच्या गटात सर्वांनी सर्व कामे कशी शिकावीत

नवी मुंबईत कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे या भागांत सातारा-सांगलीकडून आलेल्या माथाडी कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि त्या घरांतील अनेक स्त्रियांना वाकळ, म्हणजे गोधडी, शिवण्याचे कसब गावाकडूनच मिळालेले असते. अशा दहा-बारा जणींनी एकत्र येऊन बाळगोधड्या आणि पिशव्या विकायला काढल्या की गट सुरू होतो. शिकणे मात्र मुद्दाम घडवावे लागते. कापड आणणारी एक, हिशेब ठेवणारी दुसरी, गिऱ्हाइकाशी बोलणारी तिसरी आणि उरलेल्या केवळ टाके घालणाऱ्या, अशी वाटणी कायमची झाली तर त्या उरलेल्या जणी स्वतःच्याच गटात मजूर होतात, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून कामांच्या पाळ्या पहिल्या महिन्यापासूनच लावाव्यात.

आठवड्यातून एक दुपार ठरवून समाजमंदिरात किंवा कोणाच्या तरी घरी सर्वांनी एकत्र बसूनच शिवावे. घरोघरी शिवून आठवड्याच्या शेवटी माल जमा करणे सोयीचे असले, तरी त्यात एकीचा हात दुसरीला दिसत नाही. सुरुवात नमुन्याच्या पट्टीपासून करावी. प्रत्येकीने वीतभर रुंद आणि हातभर लांब अशा तीन थरांच्या कापडावर आपला नेहमीचा धावदोरा घालावा, कोपऱ्यात नाव व तारीख टाकावी आणि सर्व पट्ट्या सतरंजीवर शेजारीशेजारी मांडून, मग उलटून पाहाव्यात. मागचा टाका पुढच्याएवढाच पडला आहे का, गाठ थरांच्या आत गेली आहे का, कापडाला चुण्या आल्या आहेत का, हे तेव्हा लगेच कळते. चुण्यांचे कारण बहुधा टाक्याच्या आधीच्या कामात असते: थर सपाट पसरून मोठे कच्चे टाके घातले नाहीत की आतला थर सरकतो. दोरा फार लांब घेतला तर तो गुंततो आणि घासून झिजतो. नवे सुती कापड न भिजवता कापले तर पहिल्याच धुण्यात आटते आणि गोधडी एका अंगाला ओढली जाते. गडद लाल किंवा निळ्या कापडाचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर चोळावा आणि रंग लागला तर ते कापड बाळगोधडीत घेऊ नये. जिला हे ठाऊक आहे तिने ते करून दाखवावे आणि नवखीने तिच्यासमोरच पुन्हा करावे. नुसते सांगितलेले हातात उतरत नाही. पट्ट्या जपून ठेवाव्यात आणि दर तीन महिन्यांनी नवी पट्टी जुनीशेजारी ठेवून पाहावी.

तपासणी हा नाजूक भाग आहे. वयाने मोठ्या बाईचा टाका सैल पडला आहे, हे सुनेच्या वयाच्या मुलीला बोलून दाखवणे जड जाते. यासाठी तपासणीच्या पाच-सहा कसोट्या सर्वांनी मिळून ठरवाव्यात, त्या भिंतीवर लावाव्यात आणि दर आठवड्याला वेगळ्या दोघींनी तपासणी करावी. शिवणारी समोर असावी. कसोटी सर्वांची असली की “मावशी, या कडेचे टाके उसवून परत घालू या का?” असे विचारता येते आणि पुढच्या आठवड्यात मावशींची पाळी आल्यावर त्याही तेवढ्याच मोकळेपणाने विचारतात.

आता किमतीकडे वळू, कारण गटांचे सर्वाधिक नुकसान इथेच होते. समजा, एका बाळगोधडीला कापड, अस्तर आणि सूत मिळून १८० रुपये लागले आणि ती शिवायला १२ तास गेले. तासाला ५० रुपये धरले तर मजुरी ६०० रुपये होते आणि एकूण ७८० रुपये खर्चावर गटाच्या निधीसाठी दहा टक्के घातले की किंमत ८५८ रुपये येते. तीच गोधडी “शेजारच्याच आहेत” म्हणून ५०० रुपयांना दिली, तर निधीत काहीही न टाकतासुद्धा हाती उरतात ३२० रुपये, म्हणजे तासाला २७ रुपयांहून कमी. हे गणित एकीने करून इतरांना सांगू नये. प्रत्येकीने स्वतःच्या गोधडीचे तास रोज टिपावेत आणि बैठकीत आपली किंमत स्वतः काढावी. जिला लिहिता येत नाही तिने तासागणिक एक रेघ ओढली तरी चालते. शिकलेल्या लेकीकडे हिशेबाची वही सोपवण्याचा मोह टाळावा. लेकीने आईला वही शिकवावी, आईऐवजी भरू नये.

गिरगावात १९५९ साली सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचे काम सुरू केले, तेव्हा त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या छगनलाल पारेख यांनी मालाच्या दर्जाबरोबर चोख हिशेबावरही भर दिला होता. पापड लाटणाऱ्या बहिणीच त्या संस्थेच्या मालक आहेत. मालकीण व्हायचे तर वही वाचता आली पाहिजे, एवढे तिथून घ्यावे.

विक्रीलाही पाळीनेच जावे. बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये किंवा दिवाळीपूर्वीच्या प्रदर्शनात जागा मिळाली तर एक अनुभवी आणि एक नवी अशी जोडी बसवावी आणि गिऱ्हाइकाने उचलून परत ठेवलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद करावी. रंग नको होता, आकार लहान वाटला की किंमत परवडली नाही, हे पुढच्या बैठकीत शिवणाऱ्या सर्वांनी ऐकावे.

नोंदणीचे थोडक्यात सांगते. बचत गट साधारणपणे १० ते २० जणींचा असतो आणि त्याची चौकशी महापालिकेच्या समाजविकास विभागात करता येते. काम वाढून सहकारी संस्था करायची झाली, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान १० व्यक्ती लागतात आणि भागभांडवल कितीही असले तरी सभासदाला मत एकच असते. त्याआधी वर्षभर पाळ्या चालवून पाहाव्यात.

व्यापाऱ्याची मोठी ऑर्डर आली की या पाळ्या मोडण्याची घाई होते. ऑर्डर स्वीकारण्यापूर्वीच सर्वांनी मिळून एकूण तास मोजावेत, नवख्यांच्या शिकण्याचा वेळ त्यात धरावा, आणि मुदतीत ते बसत नसेल तर मुदत वाढवून मागावी किंवा नग कमी करून घ्यावेत.