महायुद्धातल्या पोलिश कम्युनिस्ट संघटनांबद्दल लिहिताना या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धातला पोलंड वाचायला घेतला की बरेच जण मॉस्कोतल्या संघटनांपाशी अडकतात, कारण नावं सारखीच वाटतात आणि माणसंही तीच तीच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पोलिश देशभक्त संघालाच कम्युनिस्ट पार्टी समजणं. जुनी पार्टी कॉमिन्टर्नने (मॉस्कोतून चालणारी जगभरच्या कम्युनिस्ट पार्ट्यांची संघटना) १९३८ लाच बरखास्त केली होती, तिचे कितीतरी पुढारी स्टालिनने संपवले. नवी पोलिश वर्कर्स पार्टी जानेवारी १९४२ मध्ये थेट वॉर्सात, जर्मनांच्या नाकावर टिच्चून निघाली. देशभक्त संघ १९४३ चा, सोव्हिएत युनियनमधला, अध्यक्ष वांदा वासिलेव्स्का. सूत्रं कम्युनिस्टांच्याच हातात, पण नावात कम्युनिझम नाही आणि ते मुद्दामच, कारण सैबेरिया-कझाकस्तानात हद्दपार होऊन पडलेल्या पोलिश लोकांना जवळ करायचं होतं. त्यांची कोश्चुश्को डिव्हिजन, म्हणजे सोव्हिएत युनियनमध्ये उभारलेली पोलिश सैनिकांची तुकडी, बघा ना, टोपीवर पोलिश गरुड, सोबत कॅथलिक पाद्री आणि शपथविधी १५ जुलैला, म्हणजे पोलंडने १४१० मध्ये जर्मन ट्युटॉनिक सरदारांना हरवलं त्या ग्रुनवाल्डच्या लढाईच्या दिवशी!

म्हणून तिच्यातल्या प्रत्येक सैनिकाला कम्युनिस्ट म्हणू नका प्लीज. सोव्हिएत युनियनमध्येच उभी राहिलेली, पण लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारची, जनरल अँडर्सची आर्मी १९४२ ला इराणला निघून गेली, मागे राहिलेल्यांना घरी जायचा हाच एक रस्ता उरला होता, आणि त्यातले शेकडो जण ऑक्टोबर १९४३ मध्ये लेनिनोच्या लढाईत मारले गेले.

काटिन हत्याकांड (सोव्हिएत पोलिसांनी १९४० मध्ये हजारो पोलिश अधिकाऱ्यांना मारलं ते) एप्रिल १९४३ मध्ये उघड झालं म्हणून संघ काढला, हेही चुकीचं. त्या प्रकरणावरून स्टालिनने लंडनच्या पोलिश सरकारशी संबंध तोडले ते २५ एप्रिल १९४३ ला, पण संघाचा पेपर 'वोल्ना पोल्स्का' मार्चपासूनच निघत होता. संबंध तुटल्यावर मैदान मोकळं झालं एवढंच, मग जूनमध्ये मॉस्कोत अधिवेशन.

सोव्हिएत युनियनमधल्या पोलिश कम्युनिस्टांचं नेतृत्व करणारं सेंट्रल ब्युरो १९४४ च्या सुरुवातीचं, आणि ते गुप्त होतं, त्यामुळे तेव्हाच्या पेपरांत शोधत बसू नका.

लुब्लिन कमिटीच्या, म्हणजे सोव्हिएत पाठिंब्याने बनलेल्या हंगामी पोलिश सत्तेच्या, जाहीरनाम्यावर २२ जुलै १९४४ आणि हेउम गावाचं नाव आहे, पण तो तयार झाला मॉस्कोत. दोन पुस्तकांत दोन जागा दिसल्या तर घोळ इथे आहे.

आणि कोल्हापूरकरांसाठी खास, महायुद्धात कोल्हापूरजवळ असलेल्या वळिवडे निर्वासित कॅम्पमधल्या पोलिश लोकांना या संघाशी जोडू नका, ते सोव्हिएत युनियनमधून बाहेर पडलेले होते आणि कॅम्पचा संबंध लंडनच्या सरकारशी होता.