मदतवाटपाची यादी फुटू नये म्हणून

पूर ओसरला की दोन दिवसांत संस्थेत एक एक्सेल फाइल तयार होते: नाव, मोबाइल, आधार, बँक खातं. तिसऱ्या दिवशी ती चार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत असते.

आधी यादी बारीक करा. किटवाटपाला कुटुंबप्रमुखाचं नाव, वाडी, घरातली माणसं आणि कूपन क्रमांक पुरतो. आधार लागणारच असेल तर मास्क केलेलं घ्या, त्यात शेवटचे ४ अंकच दिसतात. झेरॉक्स तर नकोतच. वाटप संपलं की तो गठ्ठा कुणाच्या तरी माळ्यावर पडतो.

कार्यकर्त्याला त्याच्या वाडीपुरतीच यादी द्या. इथे हमखास घोळ होतो: खाते क्रमांकाचा कॉलम 'हाइड' करून फाइल पाठवली जाते. समोरच्यानं 'अनहाइड' केलं की सगळं उघडं. लागतील तेवढेच कॉलम कोऱ्या फाइलमध्ये 'पेस्ट व्हॅल्यूज'नं घ्या. 'प्रोटेक्ट शीट'चाही भरवसा नको, ते चुकून खाडाखोड होऊ नये एवढ्यासाठीच असतं. खरं कुलूप फाइल, इन्फो, प्रोटेक्ट वर्कबुक, 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड' इथे आहे. पासवर्ड फोन करून सांगा. फाइलखालीच टाइप केला तर किल्ली कुलपालाच लटकवली म्हणायची. तो दोघांकडे ठेवा, कारण विसरला तर फाइल गेलीच.

गुगल ड्राइव्हवर 'लिंक असलेल्या कुणालाही' हा पर्याय बंद करून ईमेलनुसार परवानगी द्या, आणि दर सोमवारी सोडून गेलेल्यांची नावं काढा. व्हॉट्सअ‍ॅपला ६ अंकी टू-स्टेप पिन प्रत्येकानं लावायचा.

अपडेट पुढे ढकलणं किती महाग पडतं ते रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीनं सोसलं. एक पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरमधलं भोक बुजवणारं अपडेट, वेळेत लावला नाही आणि त्याच भोकातून ९ नोव्हेंबर २०२१ला घुसखोर आत शिरले, ते १८ जानेवारी २०२२ला लक्षात आलं. तोवर ५,१५,००० हून अधिक लोकांची माहिती त्यांच्या हाती लागण्याजोगी होती. त्यात युद्धात, आपत्तीत घरच्यांपासून ताटातूट झालेली माणसं होती.

फोन हरवलाच तर सिम बंद करा, दुसऱ्या फोनवरून गुगल खात्यातून तो साइन-आउट करा, आणि त्यात कुठल्या वाडीची यादी होती ते बघून त्या घरांना कळवा: 'मदतीसाठी ओटीपी सांगा' असा फोन आला तर सांगू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

यादी पुसायची तारीख पहिल्याच दिवशी फाइलच्या नावात घाला. ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस राहते, तेव्हा ट्रॅशही रिकामा करा. सगळ्यांच्या फोनमधलं डाउनलोड फोल्डर मात्र समोर बसवूनच साफ करून घ्यावं लागतं.