मीठ घातलं की पाणी का सुटतं? आठवी-नववीच्या पोरांना पेशी दाखवताना

परासरण, म्हणजे पेशीच्या पातळ पडद्यातून पाणी कमी मिठाकडून जास्त मिठाकडे जाणं, शिकवायचंय ना, मग फळ्यावर व्याख्या लिहू नका, काकडी आणा. कोथरूडला घरी दर शनिवारी सातआठ मुलं येतात माझ्याकडे, त्यांना मी आधी काकडी चोचवायलाच बसवते, एका वाटीत मीठ घालून आणि एका वाटीत तशीच. दहा-पंधरा मिनिटांत मिठाच्या वाटीत पाणी साठतं. कोशिंबिरीत हे सगळ्यांनी शंभरदा बघितलेलं असतं पण पाणी आलं कुठून हे कधी कोणी विचारलेलं नसतं. उत्तर लगेच सांगायचं नाही, अजिबात नाही.

मग ऱ्हिओचं पान, वरून हिरवं खालून जांभळं, पुण्यात सोसायट्यांच्या बागेत सर्रास असतं. पान तिरकं फाडलं की जांभळ्या बाजूचा पातळ पापुद्रा सुटतो. चिकाने काहींच्या हाताला खाज येते म्हणून हात लगेच धुवायचे. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा स्लाइडवर, पाण्याचा थेंब, आणि वरची पातळ काच, म्हणजे कव्हरस्लिप, तिरकी टेकवून हळूच सोडायची, नाहीतर बुडबुडे येतात आणि पोरं बुडबुड्यालाच पेशी समजतात. मायक्रोस्कोपखाली १०० पट मोठं दिसलं तरी पुरे. फरश्या बसवल्यासारख्या जांभळ्या पेशी, मधेमधे पर्णरंध्रं, म्हणजे पानाची बारीक छिद्रं.

आता १०० मिली पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ म्हणजे साधारण ५ टक्के, त्याचा थेंब कव्हरस्लिपच्या एका कडेला सोडायचा आणि समोरच्या कडेला टिश्यू पेपर लावून पाणी ओढून घ्यायचं. डोळा हलवू द्यायचा नाही. जांभळा रंग भिंतीपासून सुटतो आणि मधे गोळा होतो, भिंत मात्र जागच्या जागी. रंग रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत असतो, तिच्यातलं पाणी बाहेर गेलं की ती आकसते. कांद्याच्या आतल्या पापुद्र्यातही हेच होतं पण रंग नसल्यामुळे नवख्या डोळ्याला कळत नाही, म्हणून माझा भर ऱ्हिओवर. लगेच साधं पाणी दिलं तर बऱ्याच पेशी परत फुगतात, तेव्हा पोरं खुर्चीतून उठतात हो! मग सांगायचं, आधी पाणी जाऊन पेशीचा आतला भाग आकसला त्याला रससंकोच म्हणतात, आणि काकडीतलं पाणीही असंच सुटलं होतं.

हा क्रम मला चुकून कळला. पहिल्या वर्षी मी नावं आधी दिली होती आणि एका मुलीने वहीत तंतुकणिका, गॉल्जी असे पेशीतले बारीक भाग सगळं काढून ठेवलं, मायक्रोस्कोपखाली त्यातलं काहीच दिसत नसताना. तिने पुस्तकातली आकृती काढली होती आणि त्यात चूक माझी होती. तेव्हापासून चित्र होईपर्यंत पुस्तक बंद, दिसेल तेवढंच काढायचं, वाकडं आलं तरी चालेल.

पुढच्या शनिवारी १ ते ५ टक्के अशी पाच पाणी त्यांनाच बनवू द्या, मीठ काट्यावर मोजून. कुठल्या पाण्यात रंग भिंत सोडायला लागतो ते त्यांनी शोधायचं, आपण फक्त कव्हरस्लिपा पुरवायच्या.