रुईवरचा सुरवंट फुलपाखरू होईपर्यंत

शनिवारी माळ्यावरच्या मारुतीसाठी मी परसातल्या रुईची पानं काढते. प्रत्येक पान आधी उलटं करून बघते. खाली मोहरीपेक्षाही लहान, पांढरं, घुमटासारखं अंडं दिसलं, तर ते पान देवाला जात नाही. ते बिबळ्या कडवा या फुलपाखराचं असतं. अमेरिकेतला मोनार्क आपल्याकडे नाही, पण हा त्याचाच भाऊबंद. मोनार्कच्या सुरवंटाला शिंगांच्या दोन जोड्या, याला तीन. वाढवायची रीत तीच.

मोठा झालेला सुरवंट उचलून आणू नका. बाहेर त्याच्यावर परजीवी माश्या आधीच अंडी घालून गेलेल्या असू शकतात. माझा पहिला कोष असाच तपकिरी पडला, त्यातून चिकट पांढरा धागा लोंबला आणि त्यावरून माशीच्या अळ्या खाली उतरल्या. त्या दिवशी घशाखाली घास उतरला नाही. तेव्हापासून मी अंडंच आणते, पानासकट. 3 ते 5 दिवसांत अळी बाहेर येते आणि आधी स्वतःचं कवच खाते.

काचेची बरणी नको. आपल्या दमट हवेत, विशेषतः पावसात, तिला आतून घाम सुटतो आणि लेंड्यांना बुरशी येते. मी उंच बादलीच्या तोंडाला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधते आणि तळाला वर्तमानपत्र घालते. मुंग्या येऊ नयेत म्हणून परातीत पाणी, पाण्यात वीट, विटेवर बादली. कागद रोज सकाळी बदलायचा, कितीही घाई असली तरी. रुईची पानंही रोज ताजी, धुऊन पुसलेली; डासांची फवारणी झालेल्या रस्त्यावरची मुळीच नकोत. रुईचा चीक डोळ्यांना फार घातक. पानं हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डोळ्यांना हात लावू नका, मुलांना तर नक्की सांगा. सुरवंटालाही हा चीक जड जातो, म्हणून तो आधी पानाची शीर कुरतडून चीक वाहू देतो आणि मग खायला बसतो.

मधूनच तो दिवसभर गप्प बसेल. घाबरू नका, कात टाकतोय. त्याला ओढू नका. तो बसलेला पानाचा तुकडा कापून नव्या पानावर ठेवा.

साधारण दोन आठवड्यांनी तो खाणं सोडून वर चढतो, जाळीला रेशमाची गादी विणतो आणि उलटा, आकड्यासारखा लटकतो. आता बादलीला हात लावायचा नाही. शिंगं ढिली पडली की थोड्याच वेळात कात फाटते आणि सोनेरी ठिपक्यांचा कोष दिसतो. पहिल्या दिवशी तो मऊ असतो. पडलाच, तर नीट घट्ट होऊ द्या, मग काळ्या देठाला दोरा बांधून पुन्हा टांगा. खाली वीतभर मोकळी जागा हवी, नाहीतर पंख चुरगळतात ते कायमचेच.

8 ते 10 दिवसांनी कोषातून आतले केशरी पंख दिसू लागले, की फुलपाखरू बहुधा दुसऱ्या सकाळी निघतं. लालसर थेंब पडतील. ते रक्त नव्हे. पंख दोन-तीन तासांत वाळतात. पाऊस नसेल तर फुलपाखरू खुळखुळ्याच्या झुडपाजवळ सोडा. नरांना मादीसाठी लागणारा गंध त्याच्या रसातून बनवता येतो.