चकव्याला चेहरा देऊ नका : भयपट दिग्दर्शित करू पाहणाऱ्यांसाठी

माझा पहिला भयपट चकव्यावर होता. चकवा म्हणजे काय हे कोकणाबाहेरच्या वाचकांनाही साधारण ठाऊक असते. रात्रीच्या वेळी, रोजच्या पायाखालच्या वाटेवर माणूस फिरत राहतो, पुन्हा पुन्हा त्याच झाडापाशी आणि त्याच गडग्यापाशी, म्हणजे दगडी कुंपणापाशी, येऊन पोहोचतो, आणि उजाडेपर्यंत त्याला घर सापडत नाही. कुडाळ तालुक्यातल्या आमच्या वाडीत देवचाराला, मुंजाला, गिऱ्ह्याला काही ना काही रूप होते आणि राहण्याची ठरलेली जागा होती. चकव्याला मात्र रूप नव्हते आणि म्हणूनच लहानपणी मला सर्वांत जास्त भीती त्याची वाटत असे. असे असूनही चित्रपट संकलनाच्या टेबलावर असताना मी त्याला चेहरा दिला. ही चूक कशी घडली हे मी येथे लांबण लावून सांगणार आहे, कारण पटकथेविषयी आणि कॅमेऱ्याविषयी सांगणारे पुष्कळ भेटतात, पण या एका गोष्टीविषयी मला वेळेवर कोणी सांगितले नव्हते.

मी मुंबईत आले ती मालिकांच्या सेटवर कंटिन्युइटी सांभाळण्यासाठी, म्हणजे एका शॉटमधले कपडे, वस्तू आणि हालचाली पुढच्या शॉटशी जुळतात की नाही हे पाहण्यासाठी. गोरेगावच्या चित्रनगरीत आणि मढच्या बंगल्यांमध्ये बारा-बारा तासांच्या शिफ्ट करत मी चार वर्षे काढली. त्यानंतर दोन वर्षे एका संकलकाच्या हाताखाली बसले, आणि हा दुसरा काळ मला पहिल्यापेक्षा अधिक मोलाचा वाटतो. दिग्दर्शकाच्या सहायकाला सेटवरची घाई दिसते, तर संकलकाच्या सहायकाला दिग्दर्शकाने काय घेतले, काय घ्यायचे राहिले आणि काय घेऊनही उपयोग झाला नाही, हे सगळे रोज समोर दिसते. त्यामुळे गुरू करायचा असेल तर संकलक करावा किंवा ध्वनिमुद्रक करावा, असे माझे ठाम मत आहे. मोठ्या दिग्दर्शकाच्या मागे वर्षानुवर्षे फाइल धरून उभे राहिलेले अनेक हुशार सहायक मी पाहिले आहेत. त्यांना त्या दिग्दर्शकाच्या सवयी पाठ झाल्या, काम मात्र हाती लागले नाही.

आता मूळ गोष्टीकडे वळते. माझ्या चित्रपटात एक शिक्षिका रात्री शेजारच्या वाडीतून घरी परतत असते. तिला वाटेत एक चिऱ्याचा गडगा लागतो, पुढे गेल्यावर तोच गडगा पुन्हा लागतो, आणि तिसऱ्यांदा तो समोर येतो तेव्हा ती थांबते. बॅटरीचा उजेड गडग्यावर स्थिर होतो, आणि चौदा सेकंद काहीही घडत नाही. फक्त रातकिड्यांचा आवाज हळूहळू थांबतो. रशेस, म्हणजे चित्रीकरणाचे न कापलेले तुकडे, पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा संकलकाच्या सहायकाने नकळत खुर्ची मागे सरकवली होती. माझ्या स्वतःच्या अंगावर काटा आला होता, आणि हाच चित्रपटाचा प्राण आहे हे मला त्या क्षणी स्वच्छ कळले होते.

पुढच्या चार महिन्यांत मी तो प्रसंग किती वेळा पाहिला याची मोजदाद नाही. हळूहळू तो मला लांबलेला वाटू लागला, मग सपक वाटू लागला, आणि शेवटी त्यात काहीच नाही अशी माझी खात्री झाली. भयपटाच्या दिग्दर्शकाला स्वतःच्या चित्रपटाची भीती वाटणे एक दिवस थांबते, आणि भीती आपली संपली आहे हे त्याला कळत नाही. प्रसंगच फिका पडला आहे असे त्याला वाटते. हे वाक्य कृपया दोनदा वाचा. पडद्यासमोर पहिल्यांदा बसलेल्या माणसाला ती शांतता किती वेळ टिकणार हे ठाऊक नसते, आणि त्याची सगळी भीती त्या ठाऊक नसण्यातच असते. टेबलावर बसलेल्या माणसाला मात्र ती शांतता समोरच्या संगणकावरच्या पट्टीवर मोजलेली दिसते, तिचा शेवट कोणत्या फ्रेमवर होतो हे त्याला ठाऊक असते. त्यामुळे चाळिसाव्या वेळी तो प्रसंग पाहताना आपण भीती मोजत नसतो, स्वतःचा कंटाळा मोजत असतो. नाट्यमय प्रसंगातली वेदना किंवा माया पुन्हा पाहतानाही काही प्रमाणात टिकून राहते. भीतीचे तसे नाही, ती पहिल्या खेपेलाच जवळजवळ सगळी खर्च होते.

मग एकातून दुसरे असे घडत गेले. चौदा सेकंदांचे मी नऊ केले, नवाचे सहा केले. सहा सेकंदांत शांतता उभीच राहीना, म्हणून तिच्या शेवटी एक मोठा दणका देणारा आवाज टाकला. आवाज आला म्हणजे प्रेक्षक काहीतरी दिसण्याची अपेक्षा करणार, म्हणून गडग्यामागून एक आकृती उठवावी असे ठरले. त्यासाठी दोन रात्रींचे जादा चित्रीकरण झाले, कृत्रिम कातडी चढवणारा प्रॉस्थेटिक मेकअप झाला, आणि त्याचे पैसे अंतिम मिक्सिंगसाठी, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवण्यासाठी, राखून ठेवलेल्या रकमेतून गेले. प्रत्येक पायरीवर मी चित्रपट सुधारत आहे अशीच माझी प्रामाणिक समजूत होती. निर्मात्यांनी मला अमेरिकी दिग्दर्शक जॉन कारपेंटर यांचा दाखला दिला होता. १९७८ च्या 'हॅलोविन'ची संगीताविना कच्ची प्रत त्यांनी एका स्टुडिओतील अधिकाऱ्याला दाखवली, ती व्यक्ती घाबरली नाही, आणि मग स्वतः रचलेल्या संगीताने त्यांनी चित्रपट तारला, ही गोष्ट खरी आहे. परंतु त्या गोष्टीचा अर्धाच भाग लोक सांगतात. कारपेंटर यांनी संगीत घातले तेव्हा त्याखाली चौकटीतल्या मोकळ्या जागा शाबूत होत्या. मी आधी जागाच कापून टाकली आणि मग आवाज चढवला.

चित्रपट मुंबईत एक आठवडा चालला. आमच्या भागात तो लागला तेव्हा मी गावातल्या लोकांसोबत पाहिला. मध्यंतरात एका वयस्क गृहस्थांनी मला अगदी सरळपणे, काळजीने विचारले, "चकव्याक तोंड खंय असता गो बाय?" त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यानंतर दोन वर्षे मला चित्रपट मिळाला नाही.

हे टाळण्यासाठी मी आता जे करते ते सांगते. रशेस पहिल्यांदा पाहताना हाताशी वही ठेवते आणि जिथे श्वास अडला, जिथे मान मागे गेली, ते ठिकाण तारखेसह लिहून ठेवते. ती वही मी जवळ बाळगत नाही, संकलकाकडे देते. वहीत नोंदलेल्या ठिकाणी काहीही बदलायचे असेल तर आधी ते पान मोठ्याने वाचायचे, असा आमचा करार असतो. दुसरे म्हणजे, चित्रपटाविषयी काहीही ठाऊक नसलेली दहा-बारा माणसे मी आधीच ठरवून ठेवते आणि ती पैशांसारखी जपून वापरते. एका खेपेला एक किंवा दोन, आणि प्रत्येकजण आयुष्यात एकदाच, कारण दुसऱ्या खेपेला तो माणूस आपल्यासारखाच निकामी झालेला असतो. त्यांना 'भीती वाटली का' असे कधीही विचारू नये. ओळखीचा माणूस भिडेपोटी होच म्हणतो. त्यांच्या मागे तिरके बसावे आणि त्यांचे हात पाहावेत. हात मोबाइलकडे गेला की आपले काहीतरी चुकले आहे, आणि पाण्याची बाटली तोंडाजवळ नेऊन तशीच राहिली तर त्या जागेला अजिबात हात लावू नये. तिसरे, एडिट लॉक करण्यापूर्वी, म्हणजे संकलन पक्के करण्यापूर्वी, किमान पंधरा दिवस चित्रपट पाहू नये. निर्माता घाई करेल, तरीही पाहू नये. आणि दुसऱ्या चित्रपटाचे संगीत तात्पुरते म्हणून टेबलावर लावून काम करू नये, कारण मग आपण त्या संगीताला घाबरतो आणि आपला प्रसंग दुबळा आहे की सबळ हे शेवटपर्यंत समजत नाही.

इतके वाचून कोणी हबकले असेल तर त्यांना सांगते, ही चूक शिकाऊपणाची खूण नाही. जो आपल्या चित्रपटावर मनापासून मेहनत करतो तोच तो चाळीस वेळा पाहतो, आणि त्यालाच ही चूक गाठते.

ध्वनीविषयी मात्र मी कठोरपणे बोलणार आहे. प्रत्येक ठिकाणचे चित्रीकरण संपल्यावर सर्वांना स्तब्ध उभे करून निदान एक मिनिट रूम टोन, म्हणजे कोणी काही न बोलता त्या जागेचा येणारा आवाज, मुद्रित केलाच पाहिजे. पॅकअपच्या गडबडीत तुमच्यावर चिडतील, चिडू द्या. जनरेटर त्या वेळेपुरता बंद करायला लावा. मिक्सिंगमध्ये शांतता हवी म्हणून आवाज पूर्ण शून्यावर नेला तर प्रेक्षकाला यंत्र बिघडल्यासारखे वाटते. शांतता ऐकू येण्यासाठी तिच्यात वारा, लांबचे कुत्रे, छपरावरचे पान असे काहीतरी जिवंत असावे लागते. आपल्याकडे ही जाण जुनी आहे. १९४९ च्या 'महल'मधील गाणे लांबून जवळ येत असल्याचा परिणाम साधण्यासाठी लता मंगेशकर यांनी खोलीच्या कोपऱ्यातून गायला सुरुवात केली आणि गात गात त्या मायक्रोफोनपर्यंत चालत आल्या. तयार आवाजांच्या संग्रहातून किंचाळ्या आणि दारांचे करकर आणून चिकटवणाऱ्यांनी या एका गोष्टीवर विचार करावा. अंतर हेच भयपटाचे खरे साधन आहे आणि ते विकत मिळत नाही. २००३ च्या 'भूत'मध्ये गाणी नव्हती, मुंबईतल्या एका उंच इमारतीतले घर होते, आणि त्या घरातला आवाज द्वारक वॉरियर यांनी असा बांधला होता की आम्ही शिकत असताना तो चित्रपट डोळे मिटून ऐकत असू.

हिंदी भयपट करणाऱ्या रॅम्से बंधूंना पुष्कळ जण कमी लेखतात, ते मला मान्य नाही. सात भावांनी कामे वाटून घेतली होती. पटकथा कुमार यांच्याकडे, कॅमेरा गंगू यांच्याकडे, ध्वनी किरण यांच्याकडे आणि संकलन अर्जुन यांच्याकडे असे. दिग्दर्शन तुलसी आणि श्याम करत. 'दो गज जमीन के नीचे' हा १९७२ चा चित्रपट त्यांनी महाबळेश्वरला जाऊन, घरच्या माणसांना आणि थोडक्या लोकांना घेऊन केला. त्यांच्या अभिरुचीविषयी मतभेद असू शकतात, परंतु ध्वनीसाठी घरातला एक पूर्ण माणूस देणारे हे कुटुंब होते, आणि आज कोट्यवधींच्या चित्रपटातही ध्वनिमुद्रकाला रेकीला, म्हणजे चित्रीकरणाची जागा पाहायला, नेत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

समाजमाध्यमांवर मिनिटभराच्या दचकवणाऱ्या रील करून नाव मिळवण्याचा मार्ग सध्या लोकप्रिय आहे. त्यातून ओळख होते, हे मी नाकारत नाही. पण दचकणे हे शरीराचे काम आहे आणि भीती हे मनाचे. मिनिटभरात पहिले जमते, दुसऱ्याला जागाच मिळत नाही. त्यापेक्षा दहा मिनिटांचा लघुपट करावा आणि त्यात एकही दणका वापरायचा नाही असे स्वतःवर बंधन घालावे. दोन दिवसांत दिग्दर्शन शिकवणाऱ्या शिबिरांवर पैसे घालवू नयेत, त्या पैशांत चांगला मायक्रोफोन भाड्याने येतो.

लहान मुलांना घेऊन भयपट करणाऱ्यांनी कायदा आधी वाचावा. बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीविना तीन तासांहून अधिक काम करून घेता येत नाही, आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. त्यापलीकडे माझे सांगणे असे की, मुलाला सेटवर खरोखर घाबरवून प्रतिक्रिया मिळवणारा दिग्दर्शक माझ्या लेखी दिग्दर्शकच नाही. मेकअप केलेला माणूस मुलासमोर रंगवावा, त्याला स्वतःच्या हाताने रंग लावू द्यावा; मूल अभिनय चांगला करते आणि रात्री शांत झोपते. तसेच मानसिक आजाराने त्रस्त बाई आणि 'झपाटलेली' बाई यांची सरमिसळ करण्याची सवय सोडून द्यावी. आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला, त्यामागे माणसांनी आपला जीव वेचला आहे. भुताची गोष्ट सांगण्याला माझा विरोध असण्याचे कारणच नाही, मी तीच सांगते. पण मांत्रिकाच्या छळाला उपाय म्हणून पडद्यावर मान देणे मला शक्य नाही.

प्रमाणपत्राचा विचार पटकथेच्या वेळीच करावा. 'ए', म्हणजे केवळ प्रौढांसाठीचे, प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट दूरचित्रवाणीवर तसाच दाखवता येत नाही आणि लहान निर्मात्याचा हिशेब तिथेच कोलमडतो. २०२४ पासून 'यूए'मध्ये, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याच्या वर्गात, ७, १३ आणि १६ वर्षे अशा पायऱ्या आल्या आहेत. रक्त कमी आणि अंधार अधिक असलेल्या चित्रपटांना त्यातली एखादी पायरी मिळण्याची आशा धरता येते.

राहता राहिला काळ. 'तुंबाड'चे चित्रीकरण २०१२ मध्ये सुरू झाले आणि तो २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये पडद्यावर आला. प्रत्येकाला इतकी वर्षे लागतीलच असे नाही, आणि लागली तर ती निभावण्याची सोय आपली आपणच करावी लागते. त्या दोन रिकाम्या वर्षांत मी माहितीपटांचे संकलन केले, दोन मालिकांची कंटिन्युइटी पुन्हा सांभाळली, आणि जिथे पूर्वी हाताखाली माणसे होती तिथे स्वतः नोंदी लिहिताना फार जड गेले. रात्री झोप येत नसे. घरून आई फोनवर एवढेच विचारत असे की जेवलीस का. ज्यांची अशी वर्षे सध्या सुरू आहेत त्यांना मी सांगते की त्या वर्षांतही हाताला काम असू द्या, भले ते आवडीचे नसो. रिकामा बसलेला माणूस निराश होतो आणि निराश माणूस पहिला मिळेल तो करार सही करतो.

माझा दुसरा चित्रपट सध्या टेबलावर आहे. त्यात एका बंद पडलेल्या होडीघाटावर वाट पाहणाऱ्या दोन बहिणी आहेत, आणि समोरच्या काठावरून कोणीतरी त्यांना नावाने हाक मारते. हाक मारणारे दिसत नाही. गेल्या सोमवारी मी संकलकाला म्हणाले की काठावर निदान एक कंदील तरी हलताना दाखवू या. त्याने काही न बोलता कपाटातून वही काढली आणि ते पान माझ्यासमोर धरले. माझ्याच अक्षरात तिथे लिहिले होते, 'दुसरी हाक. हात गार पडले.' कंदील अजून घातलेला नाही. शनिवारी नववा प्रेक्षक येणार आहे, शेजारच्या इमारतीतल्या एक निवृत्त परिचारिका, आणि मी त्यांच्या मागे बसणार आहे.